खिचडीच्या ताटापासून सुरुवात करा: विदर्भातल्या खेड्यातल्या शाळेत आहाराचं शिक्षण

विदर्भातल्या खेड्यातल्या शाळेत तुम्ही नव्याने रुजू झाला असाल, तर पोषण आहाराचा चार्ज तुमच्या हाती येण्याची शक्यता बरीच आहे. तांदळाच्या पोत्यांचा हिशेब, चव नोंदवही, रोजची ऑनलाइन माहिती, स्वयंपाकी काकूंचं मानधन अडलं की त्यांची अडचण ऐकून घेणं, हे सगळं त्यात आलं. सप्टेंबरमध्ये पोषण माह येतो, तेव्हा घोषवाक्यं, रांगोळी आणि भाषणंही येतात. बहुतेक शाळांत ही दोन वेगळी कामं समजली जातात. एक हिशेबाचं, एक शिकवण्याचं. माझ्या मते ते एकच काम आहे. खाण्याबद्दल मुलांना जे शिकवायचं ते दुपारच्या ताटातूनच शिकवता येतं. ताट पातळ वरणाचं आणि बिनभाजीचं असेल, तर फळ्यावर काढलेलं समतोल आहाराचं चित्र मुलं खरं मानत नाहीत.

हा लेख नव्या शिक्षकांसाठी आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पहिल्यांदा आलेल्या पालकांना आणि शाळेला मदत करू पाहणाऱ्या गावातल्या तरुणांनाही तो चालेल. जो क्रम उपयोगी पडतो, त्याच क्रमाने सांगतो.

पहिले काही आठवडे फक्त बघा

लगेच भाषण देऊ नका. आधी मुलं सकाळी काय खाऊन येतात ते कळू द्या. हजेरी घेताना एकेकाला उभं करून हे विचारू नका. ज्याच्या घरी चूल पेटली नाही, ते पोर सगळ्यांसमोर खोटं सांगेल किंवा गप्प बसेल. शाळेत येताना वाटेत, मैदानात, झाडाखाली गप्पा मारता मारता विचारा. मोठ्या वर्गांत बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून घ्या.

उत्तरं हंगामाप्रमाणे बदलतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत आई पहाटेच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जाते. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोल्याकडे सोयाबीनची सोंगणी आणि मग कापूस वेचणी सुरू झाली की घरं सकाळीच रिकामी होतात. जंगलालगतच्या गावांत मोहफुलं वेचायला मुलंसुद्धा आईबरोबर जातात. अशा दिवसांत मुलाच्या पोटात जातो तो बहुधा चहा आणि टोस्ट, किंवा चहा आणि बिस्किटाचा पुडा. दुसऱ्या तासाला मान टाकून बसणारं मूल आळशी आहे असं ठरवण्याआधी ते काय खाऊन आलं आहे, ते बघा.

दुसरं, ताटात काय उरतं ते बघा. मुलं भाजीचे तुकडे बाजूला काढतात का? भात टाकतात का? लहानांना ताट संपवायला वेळ पुरतो का? तिसरं, स्वयंपाकघर बघा. पाणी कुठून येतं, झाकणं आहेत का, पोती फळीवर आहेत की जमिनीला टेकून ओल धरत आहेत. जे दिसेल ते एका साध्या वहीत लिहून ठेवा. ही वही पुढे लागणार आहे.

स्वयंपाकी काकूंना सोबत घ्या

तुमच्या शाळेतल्या पोषणाची खरी जाणकार व्यक्ती चुलीपाशी बसलेली आहे. कोणत्या मुलाला दुसऱ्यांदा वाढावं लागतं, कोण सोमवारी जास्त जेवतं कारण रविवारी घरी हाल झाले, हे काकूंना पाठ असतं. त्यांना सूचना देत सुटण्याआधी त्यांना विचारा. ‘काकू, पोरं कोणत्या दिवशी पोटभर जेवतात?’ या एका प्रश्नातून पुष्कळ कळतं.

केंद्राच्या निकषांप्रमाणे २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी तथा मदतनीस, २६ ते १०० मुलांपर्यंत दोन आणि पुढच्या प्रत्येक १०० मुलांमागे आणखी एक असतो. म्हणजे ९० मुलांचं धान्य निवडणं, भाज्या चिरणं, शिजवणं, वाढणं आणि भांडी, हे सारं दोन बायका करतात. तुम्ही सुचवलेला बदल त्यांचा एक तास वाढवणारा असेल, तर तो आठवडाभरही टिकणार नाही. भाजी चिरायला समितीतल्या एखाद्या आईला आळीपाळीने बोलवा. मुलांना मात्र चुलीजवळ, गरम पातेल्याजवळ किंवा विळीवर कामाला लावू नका. मुलांनी मोड आलेलं कडधान्य निवडावं, लिंबू धुवावं, ताटं मोजावी, एवढं पुरे.

ताटाचा हिशेब तोंडपाठ करा

पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेलं आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, ७.५ ग्रॅम तेल, आणि त्यातून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिनं.

आकडे वाचून सोडू नका, हजेरीने गुणा. प्राथमिकची ४० मुलं हजर असतील तर तांदूळ ४ किलो, डाळ ८०० ग्रॅम, भाजी २ किलो, तेल २०० ग्रॅम. हा हिशेब खडूने स्वयंपाकघराच्या भिंतीवर रोज लिहा. पाचवीच्या मुलांकडून लिहून घेतला तर गणिताचा तासही झाला, आणि आपल्या ताटात काय यायला हवं हे मुलांना कळलं. माझ्या मते पोषण शिक्षणाचा हा सगळ्यात चांगला पहिला धडा आहे.

समितीच्या बैठकीतही हेच आकडे मांडा. शालेय पोषण आहाराची ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं जेवण द्यायला सांगितलं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ते आठवीपर्यंतच्या मुलांचा हक्क केलं, आणि २०२१ पासून योजनेचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण आहे. गावात अजूनही ‘सरकार खिचडी वाटते’ असं म्हटलं जातं. वाटप आणि हक्क यांतला फरक पालकांना कळला की तेच ताटाकडे लक्ष देऊ लागतात.

भाजी हा ताटातला सगळ्यात कच्चा दुवा आहे. खेड्यात भाजी आठवडी बाजाराच्या दिवशी येते आणि चार दिवसांनी संपते. म्हणून खरेदीचा क्रम लावा. बाजारानंतरचे दोन दिवस पालक, मेथी, चवळाई, सांबार (कोथिंबीर). मधले दिवस टमाटर, वांगी, बरबटीच्या (चवळीच्या) शेंगा. शेवटचे दिवस कोहळं (लाल भोपळा), दुधी, गाजर, पत्ताकोबी, जे टिकतं ते. कोहळ्याला मुलं नाक मुरडतात, पण बारीक किसून वरणात शिजवलं की ते विरघळून जातं आणि वरणाला गोडसर चव येते. पालेभाजी तुकडे करून वरून टाकण्याऐवजी डाळीबरोबरच शिजवा, म्हणजे मुलांना ती वेचून बाजूला काढता येत नाही. शेवग्याचं झाड गावात असतंच. त्याचा पाला सावलीत वाळवून पूड करून ठेवली, तर ज्या दिवशी भाजी नसेल त्या दिवशी मूठभर पूड वरणात टाकता येते.

वरण पातळ करून पुरवू नका. भातातल्या प्रथिनांत जे घटक कमी असतात ते डाळीत भरपूर असतात, आणि डाळीत जे कमी ते भातात असतात. म्हणून वरणभाताची जोडी चांगली. ती जोडी डाळीच्या पाण्याने जमत नाही.

मोड आलेल्या कडधान्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ते चुकलं तर मुलांची पोटं बिघडतात. मटकी, मूग किंवा चना रात्रभर भिजवा, सकाळी पाणी काढा, स्वच्छ ओल्या कापडात बांधा. हिवाळ्यात मोड यायला जास्त वेळ लागतो, म्हणून एक दिवस आधी सुरुवात करा. मार्चनंतरच्या उन्हात मात्र तेच कडधान्य लवकर आंबतं. चिकट झालं किंवा वास आला तर सरळ फेकून द्या. लहान मुलांना कच्चे मोड देऊ नका, वाफवून द्या. वरून लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी आणि पालेभाज्यांमधलं लोह शरीरात जास्त शोषलं जातं.

पाककृतींची सरकारी यादी अधूनमधून बदलते. २०२४ मध्ये तीन पदार्थांच्या जेवणाची पद्धत आली आणि २०२५ मध्ये तिच्यात फेरबदल झाले. तुमच्या शाळेत लावलेला तक्ता चालू वर्षाचा आहे का, ते केंद्रप्रमुखांकडून खात्री करून घ्या. अंडी हा प्रश्नही असाच. आता त्यासाठी गावाचा सहभाग लागतो. गावात कुणाच्या घरी वाढदिवस, बारसं किंवा पितरांचं जेवण असलं की तिथीभोजन म्हणून शाळेला अंडी, केळी, संत्री किंवा शेंगदाण्याची चिक्की देता येते. देणाऱ्याला बुंदीच्या लाडूऐवजी हे सुचवा. अंडी न खाणाऱ्या घरातल्या मुलांसाठी त्याच दिवशी, त्याच पंगतीत केळं हवं.

पंगतीचा विषय निघालाच आहे. सगळी मुलं एका ओळीत बसतील, मिसळून बसतील, एकाच पळीने वाढलं जाईल, आणि काकू कोणत्याही समाजाच्या असोत, त्यांच्या हातचं सगळे खातील. यात तडजोड नको. एखाद्या घरातून ‘आमच्या पोराला वेगळं बसवा’ असा निरोप आला, तर मुख्याध्यापकांसह त्या घरी जा आणि शांतपणे पण ठामपणे नाही सांगा. शिक्षकाने स्वतः रोज त्याच पंगतीत बसून जेवावं. तसंही वाढण्याआधी अन्नाची चव घेणं तुमचं काम आहेच. चव घेऊन मग वाढेपर्यंत साधारण अर्धा तास जाऊ द्या, आणि थोडा नमुना झाकून बाजूला ठेवा.

वर्गात काय शिकवायचं

परिसर अभ्यासाच्या पुस्तकांत आहारावरचे पाठ आहेतच. ते शिकवा, पण गावातल्या अन्नाची नावं घेऊन शिकवा. पुस्तकात सफरचंद असेल, तर तुम्ही बोर, जांभूळ, सीताफळ, पेरू, आवळा घ्या. गावातल्या बोरीखाली पडणारं फळ फुकट मिळतं म्हणून मुलं त्याला कमी समजतात. क जीवनसत्त्वात आवळा सफरचंदाच्या कितीतरी पुढे आहे, हे मुलांना ठासून सांगा.

छोट्यांसाठी एकच खेळ पुरतो. काल दिवसभर जे खाल्लं त्याचं चित्र काढायचं आणि मग ताकद देणारं, अंग बांधणारं आणि आजारापासून राखणारं असे तीन ढीग करायचे. भात, भाकर, तेल पहिल्यात. डाळ, चना, अंडी, दूध, मासे दुसऱ्यात. भाज्या आणि फळं तिसऱ्यात. तिसरा ढीग जवळजवळ नेहमी रिकामा निघतो. हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, त्यावर वेगळं भाषण करावं लागत नाही.

मोठ्या मुलांसाठी चहाचा प्रयोग करा. लोखंडी गंजके खिळे थोड्या व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस बुडवून ठेवा. मग बिनदुधाचा कडक चहा काचेच्या ग्लासात घ्या आणि त्यात ते पाणी थेंब थेंब टाका. चहा शाईसारखा काळा होतो. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात, म्हणून जेवणाबरोबर घेतलेला चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही, हे या प्रयोगातून समजतं. ग्लासातलं पाणी कुणी तोंडाला लावणार नाही याची काळजी घ्या आणि प्रयोग संपताच ते ओतून टाका. विदर्भातल्या घराघरांत चहा जेवणाला चिकटून असतो. जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवा, एवढीच मागणी घरी न्यायला सांगा. चहा बंद करा असं सांगितलं, तर कुणी ऐकणार नाही.

आयोडीनच्या टिंक्चरने पिष्टाची परीक्षा करता येते. भात, आलू, भाकर यांवर थेंब टाकला की निळा-काळा रंग येतो. शेंगदाणा, तीळ, जवस कागदावर चोळले की तेलाचा डाग पडतो. सहावीच्या मुलांना हे हातांनी करू द्या.

पुड्यांचा धडा गणिताच्या तासाला घ्या. मुलांनी खाल्लेल्या बिस्किटांची, चिवड्याची, रंगीत कुरकुरीत पदार्थांची रिकामी पाकिटं गोळा करा. घटकांच्या यादीत जो पदार्थ जास्त असेल तो आधी लिहायचा नियम आहे, तेव्हा पहिली तीन नावं मोठ्याने वाचायला लावा. मग साखरेचा हिशेब. पाकिटावर १०० ग्रॅममागे २५ ग्रॅम साखर लिहिली असेल आणि पुडा ६० ग्रॅमचा असेल, तर १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे. चमच्याने साखर कागदावर काढून दाखवा. त्याच पैशांत गावच्या दुकानात किती फुटाणे किंवा शेंगदाणे येतात, तेही मोजा.

काही पक्के समज मोडावे लागतील. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढतं, गूळ खाल्ला की ॲनिमिया जातो, असं खूपजण मानतात. गूळ मुख्यतः साखरच आहे. लोहासाठी चना, बरबटी, तीळ, हिरव्या पालेभाज्या, आणि खाणाऱ्या घरात मटण, कलेजी, मासे यांवर भर द्या. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मामा तलावांतले (जुन्या मालगुजारी तलावांतले) बारीक मासे काट्यांसकट खाल्ले जातात, त्यातून कॅल्शियमही मिळतं. मासे, खेकडे किंवा रानातलं खाणाऱ्या मुलांना वर्गात कुणी हसत असेल, तर तिथल्या तिथे थांबवा. त्या ताटात पुष्कळ पोषण आहे.

गावात जे उगवतं ते परत आणा

कापूस आणि सोयाबीन वाढलं तशी घरची ज्वारी कमी झाली. मेळघाटात कोदो-कुटकी अजून आहे, पण मुलांना ते गरिबीचं अन्न वाटू लागलं आहे. शाळा इथे बरंच करू शकते. आज्यांना शाळेत बोलवा. पावसाळ्यात तरोटा, केना, घोळ, काटवल, चिवळ या रानभाज्यांची ओळख त्यांच्याकडून करून घ्या. हिवाळ्यात हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा, तुरीचे सोले, ज्वारीचा हुरडा. उन्हाळ्यात ज्वारीची आंबील. ऑगस्टच्या सुमारास कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे मुलांना नेता आलं तर न्या.

एक कडक नियम: जी भाजी गावातली जाणती बाई ओळखते तीच तोडायची. मुलांनी स्वतःच्या मनाने रानातलं काही तोंडात घालायचं नाही. चंद्रज्योतीच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या, बिया शेंगदाण्यासारख्या लागतात आणि त्या खाऊन मुलांना उलट्या-जुलाब होण्याचे प्रकार आपल्याकडे घडतात. शाळेच्या किंवा परसबागेच्या कुंपणाला हे झाड असेल तर ते काढून टाका. कुणी बी खाल्लीच तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करा.

परसबागेची सुरुवात लहान ठेवा. चार वाफे पुष्कळ झाले. पालक, मेथी, सांबार, चवळाई, कुंपणावर वाल आणि दोडके, कोपऱ्यात शेवगा, कढीपत्ता, पपई, लिंबू. हात धुण्याचं पाणी वाफ्यांकडे वळवा. अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात असाल तर आधी पाण्याची चव बघा, कारण खाऱ्या बोअरच्या पाण्यावर कोवळी रोपं जळतात. तिथे पावसाळी आणि हिवाळी भाज्यांवर भर द्या आणि छपराचं पाणी साठवा. दिवाळीच्या सुटीत बागेला पाणी कोण घालणार, हे सुटी लागण्याआधी ठरवा. परसबागा बहुतेक वेळा सुटीत मरतात. वाफ्यातली पहिली जुडी फोटो काढून ठेवून देऊ नका, त्याच दिवशी वरणात टाका आणि कोणत्या वर्गाने लावली ते पंगतीत सांगा.

पालकांशी बोलताना

सकाळी ११ ची पालकसभा ठेवली तर मजुरीला जाणारी आई येत नाही. संध्याकाळी वस्तीत जा, किंवा बचत गटाच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घ्या. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्या महिलांनाच पुढे बोलू द्या.

आईला दोष देऊ नका. ‘सर, सकाळी कुठं वेळ भेटते?’ असं ती म्हणते ते खरं आहे. पहाटे पाच वाजता पाणी भरून, डबे करून ती शेताच्या रस्त्याला लागते. तिला नवीन पदार्थ शिकवण्यापेक्षा रात्रीच्या स्वयंपाकातूनच सकाळची सोय सांगा. रात्रीची भाकर सकाळी फोडणीला टाकून वर जवसाची किंवा तिळाची चटणी, भाजलेल्या फुटाण्यांचा डबा मुलाच्या हाताला येईल असा खालच्या फळीवर, मूठभर शेंगदाणे. पोरगं स्वतः घेऊन खाऊ शकेल असंच काही सांगा. जिथे आई-वडील दिवाळीनंतर कामाला बाहेर जातात आणि मुलं आजीजवळ राहतात, तिथे आजीशी बोला.

शाळेसमोरच्या दुकानदाराशीही बोला. जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला २०२० च्या अन्न सुरक्षा नियमांनी मनाई केली आहे. पण खेड्यात दुकानदार आपलाच माणूस असतो. कायदा दाखवण्याआधी त्याला फुटाणे, चिक्की, केळी, उकडलेली अंडी, बोरं ठेवायला सुचवा. मुलांचे पाच रुपये तिथे खर्च झाले तर त्याचंही नुकसान होत नाही.

गोळ्या, जंत आणि सिकलसेल

शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळी दिली जाते. पहिली ते पाचवीला गुलाबी, सहावीपासून निळी. ती जेवणानंतर, तुमच्या समोर, पाण्याबरोबर घ्यायला लावा. रिकाम्या पोटी दिली तर मळमळतं आणि पुढच्या वेळी अर्धा वर्ग गोळी खिशात घालतो. शौचाचा रंग काळा होईल, त्याने घाबरायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा. जंतांची गोळी वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, चावून खायची. त्या दिवशी ताप असलेल्या किंवा आजारी मुलाला गोळी देऊ नका, नंतरच्या फेरीत द्या.

विदर्भात नव्याने आलेल्या शिक्षकाने एक गोष्ट नीट समजून घेतलीच पाहिजे. इथे रक्त कमी असण्याचं कारण दर वेळी लोहाची कमतरता नसतं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या भागातल्या अनेक समाजांत आहे. वाहक मूल, म्हणजे ज्याला हा दोष एकाच पालकाकडून आला आहे ते, धडधाकट असतं. आजार असलेल्या मुलाला मात्र अधूनमधून हाडं-सांधे ठणकतात, डोळे पिवळे दिसतात, वारंवार ताप येतो, ते लवकर थकतं. अशा मुलाला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. बहुधा त्यांना फॉलिक ॲसिडची गोळी स्वतंत्रपणे दिलेली असते. दर वर्षी तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला अशी मुलं आवर्जून दाखवा. चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत होते.

या मुलांसाठी शाळेने करायच्या गोष्टी साध्या आहेत. पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्या आणि पुन्हा पुन्हा प्यायला सांगा. लघवीला जायला कधी अडवू नका. उन्हात कवायत नको, हिवाळ्यात स्वेटर हवा. दुखणं उठलं तर नाटक म्हणू नका, लगेच दवाखान्यात न्या. आणि कुणाचा तपासणी अहवाल वर्गात वाचून दाखवू नका. सिकलसेल असलेल्या मुलीच्या लग्नापर्यंत गावात त्याची चर्चा होते.

उंची-वजनाचंही तसंच. अनवाणी, भिंतीला टाच लावून उंची, पातळ कपड्यांत वजन, दर तीन महिन्यांनी. आकडा त्या मुलाला आणि आईला सांगा, ओरडून नाही. दंडाच्या घेराची रंगीत पट्टी अंगणवाडीतल्या लहानांसाठी असते, शाळेतल्या मुलांना ती लावू नका. दोन मोजण्यांत वजन अजिबात वाढलं नाही किंवा घटलं, तर आशाताईंना कळवा.

उन्हाळ्याची शाळा

मार्चपासून शाळा सकाळची होते आणि जेवणाची वेळ बदलते. काही मुलं चहासुद्धा न घेता येतात. शक्य झालं तर शाळा भरल्याबरोबर फुटाणे किंवा मोडाची उसळ असं काही हातावर द्या, त्यासाठी तिथीभोजनाचे देणगीदार याच महिन्यांकडे वळवा. शिजलेलं अन्न या दिवसांत फार लवकर खराब होतं, म्हणून शिजल्यापासून वाढेपर्यंतचा वेळ कमीत कमी ठेवा आणि उरलेलं घरी नेऊ देऊ नका. पाण्याच्या सुटीसाठी प्रत्येक तासाला घंटा द्या. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसत असतील, तर ग्रामपंचायतीकडे पाण्याच्या तपासणीची लेखी मागणी करा आणि तोवर दुसऱ्या स्रोताचं पाणी वापरा.

वर्ष संपताना ती पहिल्या आठवड्यांतली वही काढा आणि त्यात पुढच्या शिक्षकासाठी लिहा: कोणत्या महिन्यात मुलं उपाशी येतात, बाजाराचा वार कोणता, कोणती भाजी मुलं आवडीने खातात, परसबागेला सुटीत पाणी कोण घालतं, तिथीभोजन देणारी घरं कोणती, शेवग्याचा पाला कुणाकडून मिळतो, कोणत्या काकूंना भाजी चिरायला मदत लागते. सिकलसेलच्या मुलांची माहिती मात्र या वहीत नको, ती मुख्याध्यापकांच्या कपाटात वेगळ्या लिफाफ्यात ठेवा. तुमची बदली झाली, तर वही चार्जच्या कागदांसोबतच सोपवा आणि त्यावर घेणाऱ्याची सही घ्या.